व्हॉल्यूम पस्तीस

दीक्षित साहेबांनी किल्ली अर्धी फिरवली आणि गाडीतला रेडिओ इतक्या जोरात सुरू झाला की पलीकडे दरवाजा घासणाऱ्या पेंटरने हातातला पॉलिश पेपर टाकून कान झाकले. कसलीतरी जाहिरात होती. मागची काच फुटलेल्या, मागून चेपलेल्या त्या गाडीतून ती सगळ्या वर्कशॉपभर घुमली. साहेबांनी किल्ली बंद केली. मग पुन्हा फिरवली, डिस्प्लेकडे वाकून बघितलं आणि आमच्या गोखले सरांना म्हणाले, "पस्तीस. चाळीसपैकी पस्तीस. वॉचमन ओरडत होता ते ह्याला का ऐकू आलं नाही, ते कळलं आता."

त्यांनी खिशातून डिजिटल कॅमेरा काढला, परत एकदा किल्ली बंद करून चालू केली आणि आकडा दिसत असतानाच फोटो घेतला.

मी चार पावलांवर तपासणीचा फॉर्म हातात घेऊन उभी होते. तो पस्तीसचा आकडा ड्रायव्हरचा नव्हता, माझा होता. आदल्या दिवशी चार वाजून गेल्यावर मीच तो लावला होता.

मी "सर..." एवढं म्हटलं. गोखले सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे काही बोलले नाही.

हे मला आधीच सांगून टाकायचं होतं. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

हडपसरच्या पुढे हमरस्त्याला लागून आमचं वर्कशॉप आहे. नवीन गाड्यांची डिलिव्हरी, सर्व्हिसिंग आणि अपघाताच्या गाड्यांची कामं. मी तिथे ट्रेनी म्हणून लागले तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. डिप्लोमा पार्ट-टाइम, कॉलेज संध्याकाळचं, कोथरूडला. दुपारी सव्वाचारला मला सुट्टी मिळायची आणि तिथून मी बस पकडायला पळायचे. माझे वडील मांजरीजवळच्या एका कारखान्यात हेल्पर आहेत. आई ब्लाऊज शिवते. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे ऑफिसातल्या मोठ्या माणसाला मध्येच थांबवून कसं बोलायचं, हे घरी कुणाला विचारायची सोय नव्हती. ही सबब नाही. तेव्हाचं जसं होतं तसं सांगते आहे.

माझ्याकडे काम होतं स्टीरिओचं. त्या काळात खराडीत आयटीच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि तिथल्या लोकांची ने-आण करणाऱ्या कॅबच्या कंपन्याही निघत होत्या. अशा एका कंपनीने आमच्याकडून सहा गाड्या घेतल्या. दीक्षित साहेब हे त्या कंपनीचे ट्रान्सपोर्ट ऑफिसर. डिलिव्हरीच्या दिवशी सहा ड्रायव्हर आले आणि गाडीतल्या रेडिओची बटनं समजावून सांगायला मला पुढे केलं गेलं.

त्या स्टीरिओवर चौदा बटनं होती आणि सगळ्यांवर इंग्रजी अक्षरं. एक बटन रेडिओ, सीडी आणि पेनड्राइव्ह बदलण्याचं. एक स्टेशन शोधण्याचं. एक सापडलेली स्टेशनं साठवून ठेवण्याचं. मध्ये आवाजाचं गोल बटन. ते फिरवलं की आवाज, दाबलं की मेनू, आणि मेनूत गेलं की माणूस हरवलाच. ड्रायव्हर लोक गोल करून उभे होते.

"मॅडम, गाडी चालवायला एवढी बटनं नाहीत, जेवढी ह्याला आहेत," एक जण म्हणाला.

"तू गाडी तरी कुठं बटनं बघून चालवतो? तू तर देवाच्या भरोशावर चालवतो," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

एक ड्रायव्हर मात्र हसला नाही. पन्नाशीचे, केस पांढरे, शर्टाच्या खिशात छोटी वही. सगळे पांगल्यावर ते थांबले. वानखडे त्यांचं नाव, वाशीमकडचे. मुलाच्या शिक्षणासाठी पुण्याला आले होते आणि दहा वर्षं इथे गाडी चालवत होते.

"ताई, मले बाकीचं नोका सांगू," ते म्हणाले. "मले फक्त बंद कराचं सांगजा. पॅसेंजर लोकं कायतरी दाबतात अन् उतरून जातात. मंग ते वरडत रायते अन् मले काई सुदरत नाई."

मी दाखवलं. डावीकडचं सर्वांत वरचं बटन दाबून धरायचं, मनात तीन मोजायचे, डिस्प्ले काळा झाला की सोडायचं. नुसतं एकदा दाबलं तर आवाज जातो, पण रेडिओ आत चालूच राहतो. त्यांनी वहीत चौकोन काढला, डाव्या कोपऱ्यात फुली मारली आणि खाली "तीन मोजा" असं लिहिलं. मग मला ते तीनदा करून दाखवलं.

चार महिन्यांनी हीच गाडी टो होऊन आमच्याकडे आली.

कोथरूडमधल्या एका सोसायटीत सकाळी एका मुलीला न्यायला वानखडेकाका गेले होते. आतला रस्ता अरुंद, म्हणून गेटमधून रिव्हर्स आत घेत होते. एक निवृत्त गृहस्थ फिरून परत येत होते. ते गाडीच्या मागे आले. वॉचमन "थांबा, थांबा" म्हणून ओरडला. गाडी थांबली नाही. गृहस्थ खाली पडले, काकांनी स्टिअरिंग वळवलं ते चुकीच्या बाजूला आणि गाडी गेटच्या खांबावर गेली. मुलगी अजून खाली यायची होती, त्यामुळे गाडीत दुसरं कुणी नव्हतं. काचा बंद होत्या, एसी चालू होता. ते गृहस्थ तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये वारले.

पंचनामा आणि तपासणी होऊन गाडी आमच्याकडे आली ती सोमवारी, म्हणजे अपघातानंतर पाचव्या दिवशी. अपघाताची गाडी गेटमधून आत आली की आमच्याकडे पहिलं काम ठरलेलं असतं: बॅटरीची वायर काढून ठेवायची. आत कुठे वायर चेपली असेल तर शॉर्ट होऊन आग लागू नये म्हणून. आमचे इलेक्ट्रिशियन सलीमभाई ते करतात आणि जॉब कार्डवर वेळ लिहितात. जॉब कार्ड म्हणजे गाडीचा वर्कशॉपमधला केसपेपर. कुणी, कधी, काय केलं ते सगळं त्यावर असतं.

मंगळवारी दुपारी काचेचा चुरा साफ झाला, वायरिंग बघून झालं. चार वाजता सलीमभाईंनी बॅटरी परत जोडली. मला हाक मारून म्हणाले, "वर्षा, पीछे के स्पीकर चेक कर ले. काच गेली असणार आत."

मागचे स्पीकर मागच्या काचेखालच्या फळीत असतात. काच फुटली की कण स्पीकरच्या कागदावर पडतात. कागद फाटलाय का हे हळू आवाजात कळत नाही. म्हणून आवाज पस्तीसपर्यंत नेऊन ऐकायचं, अशी आमची पद्धत. फाटला असेल तर फरफर ऐकू येते. मी रेडिओ लावला, बटन दाबून स्टेशन शोधलं, पस्तीसवर नेलं, मागे जाऊन कान लावला. उजवा स्पीकर फाटला होता. फॉर्मवर तसं लिहिलं. घड्याळात बघितलं तर चार वाजून वीस मिनिटं झाली होती आणि माझी बस साडेचारची. मी किल्ली काढून सलीमभाईंच्या हातात दिली आणि पळाले.

आवाज कमी केला नाही, रेडिओ बंद केला नाही. नुसती किल्ली काढली. त्या स्टीरिओला शेवटचं सगळं लक्षात राहतं. किल्ली फिरवली की जिथे सोडला होता तिथूनच तो सुरू होतो. मी सहा ड्रायव्हरांना शिकवलं होतं की गाडीतून उतरताना आधी रेडिओ बंद करा. मी स्वतः केलं नव्हतं.

बुधवारी सकाळी दीक्षित साहेब आले आणि किल्ली फिरवली.

फोटो काढून झाल्यावर ते गोखले सरांच्या केबिनमध्ये बसले. गोखले सर म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर. कमी बोलणारे आणि त्यातलं अर्धं टोमण्यात. मला बोलावलं गेलं.

"ह्या तुमच्या स्टीरिओच्या मॅडम का?" दीक्षित साहेबांनी विचारलं. "मग ह्यांच्याच सहीने रिपोर्ट द्या. सिस्टिम चालू स्थितीत आढळली, व्हॉल्यूम पस्तीस, कमाल चाळीस. बस. आमच्या चौकशीलाही लागेल आणि पोलिसांनाही."

"सर, ते आपल्याकडे टेस्टिंगच्या वेळी..." मी सुरुवात केली.

"तपासणी केलीस ना काल?" गोखले सरांनी विचारलं.

"हो सर."

"सिस्टिम चालू होती?"

"हो."

"आज आकडा किती दिसला?"

"पस्तीस."

"मग तेवढंच लिही. दिसतं ते लिहायचं. का दिसतं ते आपल्याला कुणी विचारलेलं नाही."

सरांना माहीत होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी तीन ओळींचा रिपोर्ट टाइप केला, सही केली. त्यातली एकही ओळ खोटी नव्हती. लेटरहेडवर शिक्का बसला आणि दीक्षित साहेब ते घेऊन गेले.

त्या रात्री घरी जेवताना मी वडिलांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"साहेबांनी सांगितलं तसं लिहिलंस ना?"

"हो."

"मग झालं की. आपन कुठं त्यांच्यात पडायचं. तुझं अजून दोन वर्सं कॉलेज हाय."

आईने माझ्या ताटात भाकरी वाढली.

शुक्रवारी वानखडेकाका वर्कशॉपमध्ये आले. जामिनावर सुटले होते. गाडीतलं स्वतःचं सामान न्यायला आले होते: सीटवरची गादी, पाण्याची बाटली, डबा. सलीमभाईंनी ते एका पिशवीत भरून ठेवलं होतं. काकांनी पिशवी घेतली आणि मला शोधत स्टोअरपर्यंत आले. दाढी वाढली होती.

"ताई, एक विचाराचं होतं," ते म्हणाले. "गाडी ठोकली की रेडिओ आपोआप चालू होते काय?"

मी म्हटलं, "नाही काका. आपोआप नाही होत."

"साहेबानं फोटो दाखवला. पस्तीस हाय म्हणते. मी तं लावत नाई. त्या दिवशी मी आदल्या दुपारपासून गाडीवर होतो. एक डिवटी संपली, दुसरा ड्रायव्हर आला नाई, त मलेच पाठोलं. डोकं सुन्न झालं होतं. मले वॉचमनचा आवाज आला नाई हे खरं हाय. पण रेडिओ..." ते थांबले. "मशीन काई खोटं बोलत नाई. मायाच हात लागला असन. झोपीच्या भरात लागला असन."

मी त्यांच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं.

"साहेब म्हणे, लिहून दे का माया हातानं चालू झाला असन. खरं सांगितलं तं कंपनी वकील देईन. मी दिलं लिहून, कालच."

माझ्या हातात फ्यूजचा डबा होता. तो मी खाली ठेवला. खरं तर त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी फक्त म्हटलं, "काका, तुम्ही उद्या याल का? मी जरा बघते."

"काय बघाल आता?" ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. "मानूस गेला, ताई. मायाच गाडीखाली गेला." आणि पिशवी घेऊन गेले.

त्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. मी त्यांना गप्प राहून फसवलं होतं, आणि आता तो माणूस स्वतःवरचा विश्वास सोडून माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून बसला होता. पण आता मी नुसतं "तो आकडा माझा" म्हटलं तर कोण ऐकणार होतं? ड्रायव्हरची दया आली म्हणून मुलगी बोलते आहे, असंच म्हणाले असते. मला काहीतरी दाखवता यायला हवं होतं.

फाइलमध्ये रिपोर्टची कॉपी होती आणि तिला दीक्षित साहेबांनी पाठवलेला फोटो जोडलेला होता. मी तो खिडकीशी नेऊन बघितला. मधोमध मोठा पस्तीस. आणि उजव्या कोपऱ्यात, बारीक, घड्याळ. अठरा वाजून वीस मिनिटं.

फोटो काढला होता सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. कॅमेऱ्याने फोटोवर खाली वेळ छापली होती.

हे जरा समजावून सांगायला हवं. स्टीरिओला मुख्य तीन वायरी येतात. काळी अर्थिंगची. लाल किल्लीची, किल्ली फिरवली की तिच्यात वीज येते. पिवळी थेट बॅटरीची, तिच्यात कायम वीज असते. या पिवळ्या वायरीवर रेडिओची आठवण चालते: घड्याळ, साठवलेली स्टेशनं, शेवटचा आवाज. बॅटरी काढली की आठवण पुसली जाते. परत जोडली की घड्याळ शून्यापासून सुरू होतं आणि आवाज कंपनीतून आलेला असतो तेवढा होतो. या स्टीरिओचा बारा.

दहा वीसमधून अठरा तास वीस मिनिटं मागे गेलं की आदल्या दिवशीचे दुपारचे चार येतात. जॉब कार्डवर सलीमभाईंच्या अक्षरात होतं: बॅटरी जोडली, मंगळवार, चार.

म्हणजे अपघाताच्या वेळी रेडिओ चालू होता की बंद, हे आता जगात कुणालाच कळणार नव्हतं. ती आठवण सोमवारी गेटवरच पुसली गेली होती. फोटोतला पस्तीस हा मंगळवारी चारनंतरचा होता. आणि मंगळवारी चारनंतर त्या बटनाला हात लावणारी मी एकटी होते.

मी खात्री म्हणून तसाच दुसरा स्टीरिओ टेबलावर जोडला. पिवळी वायर काढली, दहा मिनिटं थांबले, परत लावली. घड्याळ शून्य, आवाज बारा. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. सलीमभाई मागे उभे राहून बघत होते.

"क्या ढूँढ रही है?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "मी जॉब कार्डवर वेळ लिहिली आहे ना? बस. वो मेरा सच है. तेरा सच तू जाने."

शनिवारी सकाळी मी दीड पानाचं पत्र लिहून गोखले सरांसमोर ठेवलं. त्यात सगळं होतं. स्पीकरची टेस्ट, माझी बस, न बंद केलेला रेडिओ, घड्याळाचा हिशेब. सरांनी ते दोनदा वाचलं.

"मराठी चांगलं आहे तुझं," ते म्हणाले.

मी उभी राहिले.

"बुधवारी काय झालं होतं?"

"सर, मी बोलायला लागले होते."

"लागली होतीस. बोलली नाहीस." त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. "हे वर्कशॉपच्या लेटरहेडवर जाणार नाही. आपणच दिलेला रिपोर्ट आपणच खोडायचा, म्हणजे उद्या आपल्या कुठल्या कागदाला कोण विचारणार? तुला द्यायचं असेल तर तुझ्या नावाने दे. साध्या कागदावर. मी तुला अडवणार नाही आणि पाठवणारही नाही."

मी साध्या कागदावर दिलं. पहिली प्रत घेऊन खराडीला दीक्षित साहेबांच्या ऑफिसात गेले. काचेचं दार, आत एसी. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं.

"आपण इंजिनीअर आहात?"

"नाही सर. डिप्लोमा. दुसरं वर्ष."

"अच्छा. म्हणजे बुधवारी आपण पहिल्या वर्षाला होतात आणि आज दुसऱ्याला गेलात."

मी म्हटलं, "सर, घड्याळ बघा. फोटोत आहे."

"बघितलं. घड्याळ चुकीचं आहे. चुकीचं घड्याळ म्हणजे पुरावा का?"

"सर, किती चुकलंय ते बघा. बरोबर तेवढंच..."

"ताई," ते एकदम सौम्य आवाजात म्हणाले, "एक माणूस गेलाय. कारण लागतं. लोकांना लागतं, इन्शुरन्सला लागतं, आमच्या क्लायंटला लागतं. ड्रायव्हरने स्वतः लिहून दिलंय. तुम्ही मध्ये कशाला?"

"ते आदल्या दुपारपासून ड्युटीवर होते, सर."

त्यावर त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मी आल्यापासून पहिल्यांदाच. मग पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "ठीक आहे. या तुम्ही."

दुसरी प्रत मी पोलीस चौकीत दिली. हवालदारांनी ती घेतली, शिक्का मारला, पोच दिली. "रिपोर्टवर पण तुमचीच सही आहे ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी दोन्ही कागद एकाच फाइलला, एकावर एक लावले.

तिसरी प्रत घेऊन मी वानखडेकाकांच्या घरी गेले. मांजरीच्या पुढे एका चाळीत दोन खोल्या. त्यांचा मुलगा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने पत्र वाचलं आणि वडिलांना सोप्या भाषेत समजावलं. काका खाटेवर बसून ऐकत होते.

"म्हंजे माया हात नोयता," ते म्हणाले.

"माहीत नाही काका," मी म्हटलं. "तेव्हा रेडिओ चालू होता का, ते आता कळू शकत नाही. पण तो पस्तीस तुमचा नव्हता. माझा होता."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. त्याने विचारलं, "तुम्हाला हे बुधवारीच माहीत होतं?"

"हो."

तो उठून बाहेर गेला. काकूंनी मला चहा दिला. मी तो प्यायले, कारण नाही म्हणणं त्याहून अवघड होतं.

केस दीड वर्ष चालली. कंपनीने काकांना पहिल्याच महिन्यात काढलं होतं. वकील काही दिला नाही. मुलाने ओळखीतून एक वकील केले. त्यांनी सगळे कागद वाचून मला बोलावलं आणि सरळ सांगितलं, "बाई, तुमचं पत्र चांगलं आहे. घड्याळाचा मुद्दा तर फारच चांगला आहे. पण मी हे पत्र पुढे केलं की समोरचे तुमचा रिपोर्ट पुढे करणार. दोन्हीवर सही तुमची. वर माझ्या अशिलाचा स्वतःचा जबाब आहे की हात लागला असेल. कोर्ट कुठला कागद धरणार?"

"आणि ड्युटीचे तास?" मी विचारलं.

"ड्युटीच्या रजिस्टरमध्ये त्या दिवशी सकाळी सहाला हजर, अशी नोंद आहे. त्याआधीची नाही."

काकांनी तारखांना कंटाळून शेवटी गुन्हा कबूल केला. तसं केलं तर शिक्षा कमी होईल, असं वकिलांचं म्हणणं होतं आणि ती कमीच झाली. तीन महिने. लायसन्स गेलं. कोर्टाच्या कागदात रेडिओचा उल्लेख फक्त एका ओळीत आहे. मला साक्षीला बोलावलंच नाही.

निकालाच्या दिवशी मी शिवाजीनगरला कोर्टात गेले होते. बाहेर पायऱ्यांवर पाच मिनिटं त्यांना भेटू दिलं.

"तुमी लिहून देल्लं, बरं केलं, ताई," ते म्हणाले. "पोराच्या डोक्यातून निगालं का बाप गाणे ऐकत होता. तेवढं बी लय हाय."

मी मान हलवली.

"एक सांगजा मात्र. रागानं नाई विचारत. त्या दिवशी साहेबानं फोटू काढला, तुमी ततीच होत्या. तवा काऊन नाई बोलल्या?"

मला भीती वाटली, हे खरं उत्तर होतं. पण भीती कुणाची, हे मला सांगता येईना. दीक्षित साहेब मला ओळखतही नव्हते. गोखले सर माझ्याशी कधी आवाज चढवून बोलल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, "माहीत नाही, काका." त्यांनी ते मान्य केल्यासारखी मान हलवली. मग शिपाई आला.

मला नोकरीवरून काढलं नाही. डिलिव्हरीच्या वेळी ग्राहकांशी बोलायचं काम मात्र माझ्याकडून काढून घेतलं. सहा महिन्यांनी ते परत मिळालं, कारण दुसऱ्या कुणाला स्टीरिओची बटनं नीट सांगता येत नव्हती. गोखले सरांनी जॉब कार्डमध्ये एक नवीन रकाना घातला: "गाडी आली तेव्हाचे सेटिंग लिहा, तपासणीनंतर स्टीरिओ बंद करा." सगळे तिथे टिक करतात. बरेच जण शिफ्ट संपताना पाच-सहा कार्डांवर एकदम करतात. मी बघितलं आहे.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. नवीन ट्रेनी आला की त्याला शिकवायचं काम माझ्याकडे असतं. मी त्याला तीन वायरी दाखवते, पिवळी काढली की काय होतं ते दाखवते, पस्तीसवर स्पीकर ऐकायला सांगते. आणि हेही सांगते की तुझ्या हातून काही राहून गेलं आणि साहेब समोर उभे असतील, तर साहेबांनी कॅमेरा काढायच्या आत बोल. कसंही बोल, अडखळत बोल. मला तेव्हा फार तर दोन मिनिटं मिळाली होती. नंतर दीड वर्षात मी बरंच काही लिहून दिलं, पोच घेतली, झेरॉक्स काढल्या. ते सगळे कागद माझ्याकडे नीट फाइलला लावलेले आहेत आणि कोर्टात त्यांचा काहीही उपयोग झालेला नाही.